कुणाला वाटला?

शब्द मोजायला मी बसलेच नव्हते. बसले होते भाषांतराला. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन' या काव्याचा पहिला खंड आम्हाला एम.ए.ला होता, आणि तो मी गाइडच्या जिवावर पार केला होता. मूळ काव्याची दहा पानंही धड वाचली नव्हती. बँकेतली नोकरी सोडून सांगलीला आईकडे राहायला आले, तेव्हा पुस्तकांच्या खोक्यात ती जाडजूड प्रत सापडली. म्हटलं, पहिला सर्ग तरी मराठीत आणून बघू. एक पावसाळा पुरेल.

दोन पुरले नाहीत.

काव्य प्रचंड आहे. १५९० साली लंडनमध्ये पहिले तीन खंड छापले गेले, १५९६ साली पुढचे तीन. बारा खंडांचा बेत होता, पुरे झाले सहाच. तरी ओळी तीस हजारांच्या वर भरतात. कडवं नऊ ओळींचं. पहिल्या आठ ओळी एका मापाच्या, नववी थोडी लांब. आपल्या ओवीचा चौथा चरण तोकडा असतो, तिथे मन चटकन थांबतं. इथे उलट, शेवटची ओळ पाय पसरून बसते. मला सुरुवातीला सगळी काळजी या नवव्या ओळीचीच होती. अडले मात्र आठव्या ओळीवर.

पहिलं कडवं असं आहे. एक तरुण सरदार घोड्याला टाच मारत माळावरून चालला आहे. अंगावर भक्कम चिलखत, हातात रुपेरी ढाल, आणि त्या ढालीवर जुन्या घावांचे खोल पोचे, कितीतरी रक्ताळलेल्या रणांच्या खुणा. लगेच पुढची ओळ: पण त्याने तोवर हत्यार कधी चालवलंच नव्हतं. आणि मग आठवी: 'फुल जॉली नाइट ही सीम्ड, अँड फेअर डिड सिट.'

पहिल्या खर्ड्यात मी 'आनंदी' लिहिलं होतं, ती माझी पहिली घसरगुंडी. स्पेन्सरच्या काळी जॉली म्हणजे देखणा, रुबाबदार. तसंच पुढच्या कडव्यातला 'सॅड' म्हणजे दुःखी असेलच असं नाही, बऱ्याचदा नुसता गंभीर. हे दोन शब्द दुरुस्त करून मी ओळ आईला वाचून दाखवली. आई निवृत्त शिक्षिका, मराठी शाळेत तीस वर्षं चौथीचा वर्ग. ती गवार मोडत बसली होती.

"मोठा रुबाबदार शिलेदार वाटत होता, आणि घोड्यावर शोभत होता."

"कुणाला?"

"काय कुणाला?"

"अगं, वाटत होता म्हणतेस. कुणाला वाटत होता? माळावर दुसरं कोण आहे?"

मी म्हटलं, असंच लिहिलंय. ती म्हणाली, लिहिलं असेल, पण आत्ताच म्हणालीस ना की तो कधी लढलाच नाही. मग ते पोचे कुणाचे?

पोच्यांचं उत्तर माझ्याकडे होतं. पहिल्या आवृत्तीला स्पेन्सरने राणी एलिझाबेथच्या दरबारातल्या वॉल्टर रॅलेला लिहिलेलं एक पत्र जोडलेलं आहे, त्यात ही पूर्वकथा येते. परीराणीच्या दरबारात एक धिप्पाड, गावंढळ पोरगा येतो आणि कामगिरी मागून जमिनीवर बसून राहतो. पुढे एक बाई येते, उना तिचं नाव. तिच्यासोबत एक बुटका, त्याच्याबरोबर एक लढाऊ घोडा, घोड्यावर चिलखत. ते चिलखत पोराच्या अंगावर चढवतात, आणि पत्रात लिहिलंय की मग तो सगळ्या मेळाव्यात देखणा 'सीम्ड'. म्हणजे घोडा दुसऱ्याचा, चिलखत दुसऱ्याचं, पोचेही दुसऱ्याच्या लढायांचे. आई म्हणाली, "मग शिलेदार कशाला लिहितेस? स्वतःचा घोडा असतो तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर."

पहिल्याच कडव्यात मी बारगिराला शिलेदार करून बसले होते, तेही कवीने सरळ सांगितलेलं असताना की तो तसा नुसता वाटत होता. शब्द मी तरीही बदलला नाही, कारण 'बारगीर' लिहिलं तर बिंग पहिल्याच ओळीत फुटतं. पण आईचा तो 'कुणाला' डोक्यातून जाईना. 'वाटणे' या क्रियापदाला कुणीतरी माणूस लागतो. मला वाटतं, तिला वाटतं. माणूस गाळला तरी वाक्य चालतं, पण ऐकणारा कान तो शोधत राहतो. इंग्रजीतलं 'सीम्ड' तसं काही मागत नाही, बिनधास्त एकटं उभं राहतं.

मग मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या सर्गात तो शब्द दिसेल तिथे खूण करत गेले.

दुसऱ्या कडव्यात तो सरदार मुद्रेने फारच गंभीर वाटतो. चौथ्यात उना पांढऱ्या गाढवावर बसून येते, अंगावर काळं वस्त्र, तोंडावर बुरखा. तिच्या मनात काही छुपी काळजी असावी असं वाटतं. सहाव्यात सामानाची पिशवी घेऊन मागे रेंगाळणारा बुटका आळशी वाटतो, कारण तो नेहमीच शेवटी असतो. किंवा ओझ्याने दमलेला असेल. सातव्यात वादळापासून आडोसा शोधताना दाट झाडी दिसते, तो निवारा वाटतो. आठव्यात आतले पक्षी असे गातात की बाहेरच्या आभाळाला हिणवताहेत असं वाटतं. आठ कडव्यांत सहा वेळा. बहात्तर ओळी झाल्या, आणि यांतलं एकही माणूस नेमकं कसं आहे हे मला छातीठोकपणे सांगता येईना. उनाच्या निष्पापपणाबद्दल पाचव्या कडव्यात साक्ष आहे, पण तिच्या मनातलं नाही.

मी वहीत तीन रकाने आखले. वाटलं ते खरं निघालं, वाटलं ते खोटं निघालं, आणि कळत नाही. बँकेतली सवय. वाटलं होतं की दुसरा रकाना भरत जाईल, कारण पहिला खंड फसवणुकीचाच आहे. प्रत्यक्षात तिसराच फुगत गेला. बुटक्याला कुठे टाकू? आईला विचारलं तर म्हणाली, "मागच्या बाकावरचं पोर आळशी असतं का घरचं काम करून दमलेलं, तीस वर्षांत मला कळलं नाही. तुला एका ओळीत कसं कळेल?"

पुढच्या सर्गांना हात घातला तेव्हा पेन्सिल अपुरी पडू लागली. चार्ल्स ऑस्गुड यांनी १९१५ साली स्पेन्सरच्या सगळ्या काव्याची जाडजूड शब्दसूची काढली, संगणक येण्याच्या कितीतरी आधी. ती चाळताना धाप लागली. म्हटलं, आपल्याजवळ लॅपटॉप आहे, शोध मारू. तिथे निराळीच गंमत. स्पेन्सरच्या काळात स्पेलिंगला कुणी मालक नव्हता. एकाच पानावर शब्दाच्या शेवटी कधी 'ई' असते, कधी नसते. भूतकाळाला कधी 'ईडी', कधी नुसता 'डी'. नेमका शब्द शोधला की निम्मे निसटतात, आणि तुकडा शोधला की भलतेच जाळ्यात येतात. जुन्या छापील प्रतीच्या स्कॅनवर तर शोध जवळपास आंधळाच. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांबुळका, 'एफ'सारखा दिसणारा. यंत्राने तो 'एफ' म्हणूनच वाचला होता. म्हणजे 'वाटणे' सांगणारा शब्द स्वतःच दुसरा कुणीतरी वाटत होता! 'फीम्ड' असं शोधल्यावर तो धडाधड सापडायला लागला, तेव्हा रात्री साडेअकराला मी एकटीच हसले.

जाळ्यात आलेल्या भलत्यांचाही प्रश्न होताच. 'बिसीम' म्हणजे शोभणे, साजणे. 'सीमली' म्हणजे शोभेसा. हे मोजायचे की नाही? कोश उघडला तर हे तर घरचेच निघाले. 'सीम' इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तिथे त्या धातूचा अर्थ योग्य असणे, साजणे असाच होता. 'वाटणे' हा अर्थ नंतरचा. मग मराठीकडे वळून पाहिलं. भासणे आलं 'भास्'पासून, शोभणे 'शुभ्'पासून, आणि संस्कृतात दोन्ही धातूंचा एक अर्थ चमकणे. जे चमकतं ते शोभतं, आणि जे चमकतं तोच भासही असू शकतो. पहिल्या कडव्यातला पोरगा चिलखतात वाटतोही आणि शोभतोही, एकाच ओळीत. त्या दिवसानंतर मला कुणी एकूण आकडा विचारला की मी विषय बदलते. शोभणं धरलं तर एक आकडा, न धरलं तर दुसरा.

खरा फटका दुसऱ्या सर्गात बसला. पहिल्या सर्गाच्या एकोणतिसाव्या कडव्यात त्यांना वाटेत एक म्हातारा भेटतो: लांब काळी वस्त्रं, अनवाणी पाय, पांढरी दाढी, कमरेला पोथी, नजर जमिनीकडे. शांत आणि मोठा विचारी 'सीम्ड'. हा आर्किमागो, मायावी जादूगार. रात्री तो हवेपासून एक खोटी उना बनवतो, तिला पांढरे कपडे घालतो आणि वरून काळं वस्त्र टाकतो, उनाला साजेलशी वाटावी म्हणून. त्या बाहुलीच्या नादाने सरदार खऱ्या उनेला सोडून पहाटे निघून जातो. मग म्हातारा स्वतःच सरदाराचं सोंग घेतो. भक्कम चिलखत, रुपेरी ढाल, छातीवर लाल क्रूस.

हे कडवं मी भाषांतरित केलं तेव्हा पहिल्या कडव्याला सात-आठ महिने उलटून गेले होते. मी लिहिलं होतं: 'दिसण्यात तो अगदी देखणा वीर भासला.' बरं जमलं म्हणून खूशही झाले होते. नंतर कधीतरी वहीतल्या नोंदी एकाखाली एक लावताना दोन मूळ ओळी शेजारी आल्या. पहिली, खऱ्या सरदाराची: 'फुल जॉली नाइट ही सीम्ड.' दुसरी, जादूगाराची: 'फुल जॉली नाइट ही सीम्ड.' माझ्या प्रतीत फरक एका अक्षराचा, शेवटी 'ई' असण्या-नसण्याचा; म्हणूनच यंत्राच्या शोधात जोडी लागली नव्हती. कवीने सोंगाड्याला खऱ्याचेच शब्द चढवले होते, चिलखताइतकेच हुबेहूब. आणि मी? एकाला 'रुबाबदार शिलेदार वाटला' म्हटलं होतं, दुसऱ्याला 'देखणा वीर भासला'. वाचकाच्या कानात आधीच कुजबुजून ठेवलं होतं की हा दुसरा खोटा आहे बरं का.

असं का केलं, याचं कारण घरातच होतं. आमच्या शाळेत, आणि आईच्या लाल पेनाखाली तर नक्कीच, एका निबंधात एक शब्द तीनदा आला की त्याखाली रेघ यायची. शब्दसंपत्ती दाखवा. मी भाषांतरभर शब्दसंपत्ती दाखवत होते. दिसला, भासला, वाटला, जणू, असावा, पाहणाऱ्याला पटेलसा. स्पेन्सरच्या हातात समानार्थी शब्द कमी नव्हते, तरीही सरदार, उना, बुटका, झाडी, पाखरं, जादूगार, सगळ्यांना त्याने हाच एक शब्द दिला. नुसत्या शब्दावरून खरा-खोटा ओळखता येऊ नये, हीच तर त्याची तऱ्हा. मी प्रत्येकाला वेगळा शब्द देऊन निवाडा करून मोकळी झाले होते. सगळ्यात घातक 'भासणे'. भास म्हटलं की मराठी कान आधीच सावध होतो. म्हाताऱ्याला 'भासला' म्हणणं म्हणजे नाटकातल्या खलनायकाला पहिल्याच प्रवेशात काळी मिशी चिकटवणं.

आईला हे सांगितलं तर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या कवीला माझ्या वर्गात पस्तीस टक्के."

त्यानंतरचे महिने निव्वळ उकलण्यात गेले. सगळे 'भासले' काढले, 'जणू' काढले. उरले 'दिसणे' आणि 'वाटणे'. 'दिसणे' सोयीचं, ते कुणाला म्हणून विचारत नाही. पण 'तो गंभीर दिसला' यात शंका फार बारीक होते, दिसला म्हणजे होताच असं मराठीत सहज समजलं जातं. मधे काही दिवस मी 'गमणे'च्या प्रेमात पडले. जुन्या कवितेत 'मज गमे' येतं, आणि स्पेन्सरही मुद्दाम जुने शब्द वापरणारा. नाटककार बेन जॉन्सनने त्याच्यावर त्यासाठी टीकाही केली होती. एक कडवं 'गमला' घालून एका मैत्रिणीला पाठवलं. ती नागपूरकडची. तिचा उलट निरोप: "आमच्याकडे गमत नाही म्हणजे करमत नाही. तुझ्या सरदाराला घोड्यावर करमत होतं का?" गमणे तिथेच संपलं.

राहिलं 'वाटणे', आणि आईचा तो आगंतुक 'कुणाला'. त्याचं उत्तर मला शेवटी सातव्या कडव्यात सापडलं, जिथून मी किमान वीस वेळा गेले होते. वादळात ते झाडीपाशी येतात. नववी, लांब ओळ: 'फेअर हार्बर दॅट देम सीम्स, सो इन दे एंटर्ड आर.' चांगला निवारा तो त्यांना वाटतो. आणि ते आत शिरले. 'दे' नाही, 'देम'. त्यांना! जुन्या इंग्रजीत ही रचना होती, स्पेन्सरच्या काळी ती मावळत आलेली, आणि ती आपल्या 'मला वाटतं'सारखीच: वाटणारी गोष्ट कर्ता, माणूस नुसता तिच्या तडाख्यात सापडलेला. तोवर चार कडव्यांत हा शब्द बेवारशी फिरत होता, कुणाला वाटलं ते सांगत नव्हता. इथे पहिल्यांदा त्याला माणसं मिळतात, आणि त्याच ओळीत ती माणसं आत पाऊल टाकतात. झाडी कसली, तर भ्रमाचं रान. आत 'एरर' नावाची, अर्धी बाई नि अर्धा साप असलेली राक्षसीण बसलेली. पुढे वाटा अशा गुंततात की शेवट जवळ आला असं मानावं तेव्हाच तो सगळ्यात लांब असतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, "त्यांना वाटलं."

"कुणाला?"

"त्यांनाच. सातव्या कडव्यात लिहिलंय."

"मग पहिल्यात कुणाला?"

पहिल्यात माळावर दुसरं कुणीच नाही. आहे तो वाचणारा. ती ओळ ऐकताना शिलेदार वाटला तो मला आणि आईला. म्हणून आता पहिल्या कडव्यात मी माणूस घातलेला नाही, नुसतं 'वाटत होता' ठेवलंय. आणि सातव्यात 'त्यांना' घातलंय. मधली सगळी कडवी 'कुणाला'ची जागा मोकळी ठेवून उभी आहेत. एकाच शब्दाने मराठीत चाल जरा रुक्ष होते, हे कबूल आहे. वाचून दाखवताना कुणीतरी म्हणतंच, हे 'वाटत होतं' फार झालं हो.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत सलत राहिली, ती कवीबद्दल. सज्जनाला सद्गुणांचं वळण लावण्यासाठी हे काव्य, असं त्या पत्रात तो सांगतो. स्वतः राहत होता आयर्लंडमध्ये, कॉर्क परगण्यात किलकोल्मनला, डेझमंडच्या अर्लच्या, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराच्या, बंडानंतर जप्त झालेल्या जमिनीवर. पुढे आयरिश लोकांना उपासमारीनेही कसं नमवता येतं, याची गद्यात शांतपणे चर्चा केली. १५९८ च्या बंडात किलकोल्मन जाळलं गेलं, १५९९ च्या जानेवारीत तो लंडनमध्ये वारला. सौजन्यावर अख्खा सहावा खंड लिहिणारा हा माणूस. त्याला वहीच्या कुठल्या रकान्यात टाकायचं, ते मी ठरवलेलं नाही.

तिसऱ्या सर्गात खुद्द उना फसते. तिचं नाव 'एक' या अर्थाचं, ती सत्याचं रूप. पण दुरून ती तसलीच वाटणारी ढाल पाहते आणि त्या सोंगाड्यालाच आपला सरदार समजून त्याच्याकडे जाते. इथवर आल्यावर मी रकाने खोडले.

पहिल्या सर्गावर थांबायचं ठरवून मी गेले बाराव्यापर्यंत. तिथे उनेच्या आईवडिलांना कोंडून ठेवणारा ड्रॅगन मेलेला आहे, ते दोघे सुटलेले आहेत, आणि वाङ्‌निश्चयासाठी उना पहिल्यांदा काळं वस्त्र आणि बुरखा टाकून सगळ्यांसमोर येते. अंगावर निष्कलंक शुभ्र वस्त्र. मला वाटलं, इथे तरी तो शब्द नसेल, आता काही झाकलेलंच नाही. तर आहे. गेल्या आठवड्यात मी ते कडवं आईला वाचून दाखवलं:

"रेशीम आणि रुपं एकत्र विणल्यासारखं वाटत होतं, पण त्यात रेशीमही नव्हतं, रुपंही नव्हतं."

या वेळी तिने 'कुणाला' विचारलं नाही. चष्मा काढून म्हणाली, "मग होतं तरी काय ते?"

मी पुढचं कडवं वाचलं. त्यात कवी म्हणतो, हे सांगायला जाणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं, माझ्या फाटक्या यमकांना ते झेपायचं नाही. तिचा सरदार रोज तिच्या सोबत असलेला. तोही बघतच राहिला.

"आणि?"

"आणि पुढे ती बापाच्या पाया पडते."

"म्हणजे नाहीच सांगितलं," आई म्हणाली, आणि तिने पुन्हा वाच म्हणून खूण केली.